कागदी कॉलर-निर्मितीची यंत्रे

एकदा किंवा फार तर दोनतीन वेळा वापरून टाकून द्यावयाच्या कागदी कॉलरी, कफ (मनगटपट्ट्या) आणि सदऱ्याच्या छातीवर बसविण्याच्या सुट्या दर्शनी पट्ट्या मोठ्या संख्येने तयार करणारी यंत्रे. ही यंत्रे मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) १८५४ नंतरच्या सु. दोन दशकांत विकसित झाली आणि त्यानंतर जर्मनीतही वापरात आली. कापडाच्या कॉलरीला कापणे, कडा दुमडणे, शिवणे, काजी करणे, धुणे, खळ देणे व इस्त्री करणे अशी सात कामे लागत. कागदी कॉलरीत कडा दुमडण्याची गरज राहिली नाही. शिवणीचे काम ठशाने, काज्याचे काम छिद्रकाने आणि खळ व इस्त्री यांचे काम रुळांनी भागविले. धुण्याचे काम तर समूळ गेले. वस्तू टिकविण्यासाठी लागणारे श्रम वाचविण्याकरिता वस्तूच टाकून देण्याजोगी स्वस्त करावयाची, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली कल्पना यंत्रोद्योगात ज्या मोजक्या वस्तूंमध्ये प्रथम सिद्ध झाली, त्यांपैकी कागदी कॉलर ही एक होय. यामुळे या लहानशा व आता जवळजवळ विसरल्या गेलेल्या उद्योगाला तंत्रविद्येच्या इतिहासात त्याच्या आकारमानापेक्षा अधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील नागरी पुरुष कोट व जाकीट घालीत असल्याने आतल्या सदऱ्याचा फारच थोडा भाग बाहेर दिसे. हा भाग म्हणजे कॉलर, कफ आणि छातीवरचा मधला पट्टा. नेमका हाच भाग घाम, धूळ व दगडी कोळशाची काजळी यांमुळे सर्वांत लवकर मळत असे. पांढरी व ताठ कॉलर हे स्वच्छतेइतकेच प्रतिष्ठेचेही चिन्ह मानले जाई. कारकून, दुकानांतील विक्रेते, शिक्षक अशा तुटपुंज्या पगारावर राहणाऱ्या लोकांना ती रोज बदलणे भाग असे. या वर्गाला पुढे इंग्रजीत कॉलरीच्या रंगावरूनच नाव पडले. मराठीत त्यालाच ‘पांढरपेशा’ म्हणतात.

सदरा न धुता केवळ कॉलर धुता यावी यासाठी सुटी कॉलर प्रचारात आली. न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीकाठच्या ट्रॉय या शहरात हॅना लॉर्ड माँटेग्यू या गृहिणीने १८२७ मध्ये पतीच्या सदऱ्यांच्या कॉलरी कापून काढल्या व त्या स्वतंत्रपणे धुऊन पुन्हा जोडल्या, अशी परंपरागत माहिती आहे. थोड्याच वर्षांत ट्रॉय येथे सुट्या कॉलरींचे कारखाने निघाले व ते गाव ‘कॉलरींचे शहर’ म्हणून प्रसिद्धीस आले. एलिअस हौ यांनी १८४६ मध्ये शिवणयंत्राचे एकस्व (पेटंट) मिळविल्यानंतर कॉलरी शिवणे पुष्कळच सोपे झाले. परंतु त्या धुणे, त्यांना खळ देणे व तापलेल्या इस्त्रीने त्या ताठ करणे ही कामे हातांनीच करावी लागत. ही कामे धुलाई-कारखान्यांतून मोलाने काम करणाऱ्या स्त्रियांकडे असत. कापडी कॉलरीची विकत घेण्याची किंमत एकदाच मोजावी लागे. धुण्याची किंमत मात्र ती फाटेपर्यंत मोजावी लागे. कागदी कॉलरीने हे गणितच बदलले.

इतिहास : कागदी कॉलरीचे पहिले महत्त्वाचे एकस्व न्यूयॉर्क येथील वॉल्टर हंट (१७९६–१८५९) यांना जुलै १८५४ मध्ये मिळाले. सेफ्टी पिनचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत; शिवणयंत्राचाही एक प्रकार त्यांनी हौ यांच्या आधी तयार केला होता, पण त्याचे एकस्व त्यांनी वेळीच घेतले नव्हते. हंट यांची कॉलर निव्वळ कागदाची नव्हती. पातळ मलमल व पांढरा कागद एकमेकांना चिकटवून केलेल्या पत्र्यापासून ती कापलेली असे. तिला घोटून चकाकी आणली जाई आणि घाम व ओल शिरू नये म्हणून वरून पारदर्शक रोगण दिले जाई. कागदाने पांढरा, गुळगुळीत पृष्ठभाग द्यावा व कापडाने बळकटी द्यावी, ही या उद्योगाची मूळ कल्पना हंट यांच्याच एकस्वात आढळते.

या शोधाला लगेच मोठी बाजारपेठ लाभली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) दक्षिणेकडून येणारा कापूस थांबला, सुती व लिनन कापड महागले आणि कागदी कॉलरीला एकदम मागणी आली. १८६३ या एकाच वर्षी या विषयातील दोन महत्त्वाची एकस्वे दिली गेली. त्यांपैकी अँड्र्यू इव्हान्स यांचे एकस्व लांब तंतूंच्या कागदापासून केलेल्या कॉलरीसंबंधी, तर बॉस्टनच्या सॉलोमन ग्रे यांचे एकस्व कॉलर वक्र रेषेवर उलटविण्याच्या पद्धतीसंबंधी होते. ग्रे यांच्या साच्यात दाबून आकार दिलेल्या कॉलरींच्या जाहिराती युद्धकाळातील अमेरिकन साप्ताहिकांतून झळकत. फिलाडेल्फिया येथे विल्यम लॉकवुड यांनी कापडाचे अस्तर असलेल्या कागदी कॉलरींचे उत्पादन केले. या मालाचा प्रसार इतका झाला की, पश्चिमेकडील पलटणींतील सैनिक पूर्वेकडील शहरी सैनिकांना ‘कागदी कॉलरवाले’ म्हणून हिणवीत.

कच्चा माल : यंत्राची रचना बव्हंशी कच्च्या मालाच्या गुणधर्मांवर ठरत असल्याने प्रथम कागदाचा विचार करणे इष्ट ठरते. कॉलरीचा कागद वारंवार दुमडला तरी मोडता कामा नये, ओलसर झाल्यावर लगेच फाटता कामा नये आणि पांढरा राहिला पाहिजे. कागदाची बळकटी त्यातील तंतूंची लांबी व त्यांची परस्परांतील गुंतवण यांवर अवलंबून असते. तागी (लिनन) व सुती चिंध्यांपासून केलेल्या लगद्यात तंतू लांब असतात. म्हणून कॉलरीसाठी चिंध्यांचाच कागद पसंत केला जाई. १८४४ मध्ये जर्मनीतील फ्रीड्रिख केलर यांनी लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची कृती शोधून काढली होती. तथापि अशा लगद्याचा कागद ठिसूळ असतो व उजेडात पिवळा पडतो, त्यामुळे तो या कामाला निरुपयोगी होता.

केवळ कागद घेतल्यास तो काज्यापाशी फाटतो, म्हणून चांगल्या प्रतीच्या कॉलरीच्या कागदाला पातळ सुती कापडाचे अस्तर लावीत. हलक्या प्रतीच्या कॉलरीत अस्तर सर्वत्र न देता काज्याच्या जागी कापडाचा लहानसा तुकडा चिकटवीत. काही प्रकारांत कापड बाहेरच्या बाजूस येई व कागद केवळ त्याला ताठपणा देण्यापुरता आत राही. अशी कॉलर दिसावयास लिननच्या कॉलरीच्या अधिक जवळ असे.

यंत्रे व प्रक्रिया : कागदी कॉलरीचा उद्योग शिवणकामातून नव्हे, तर कागदापासून वस्तू बनविण्याच्या उद्योगातून आला. अखंड पट्ट्याच्या रूपात कागद बनविणारे यंत्र फ्रान्सच्या निकॉलस-लुई रॉबेअर यांनी १७९८ च्या सुमारास शोधले व ते इंग्लंडमध्ये फोरड्रिनियर बंधू आणि ब्रायन डाँकिन यांनी व्यवहारोपयोगी केले. एडविन हिल व वॉरेन द ला रू यांनी १८४५ मध्ये लिफाफे दुमडण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ते यंत्र हजारो लोकांनी पाहिले. अमेरिकेत फ्रान्सिस वोल यांनी १८५२ मध्ये कागदी पिशव्यांच्या यंत्राचे एकस्व मिळविले. अखंड पट्टा पुढे सरकविणे, धारदार साच्याने आकार कापणे आणि ठराविक रेषेवर दुमड घालणे या तिन्ही क्रिया अशा रीतीने आधीच साध्य झालेल्या होत्या. कॉलरीच्या यंत्रांनी त्या एकत्र आणल्या व त्यांत कापडाचे अनुकरण करणाऱ्या क्रियांची भर घातली. या प्रक्रियेतील टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) अस्तर लावणे : कागद व कापड स्वतंत्र गुंडाळ्यांवरून सोडून त्यांपैकी एकाला खळीच्या पात्रात फिरणाऱ्या रुळाने खळ लावतात आणि दोन्ही दाबरुळांमधून एकत्र जाऊ देतात. दोहोंचा वेग व ताण सारखा ठेवणे हे येथील मुख्य कौशल्य होय. कापड जास्त ताणले गेल्यास वाळताना ते आकसते व पत्रा एका बाजूस वाकतो. खळ जास्त झाल्यास पत्रा ठिसूळ होतो आणि कमी पडल्यास थर सुटतात.

(२) लेप व चकाकी : अस्तर लावलेल्या पत्र्याच्या दर्शनी बाजूस पांढरे रंगद्रव्य व चिकट बंधक यांचा पातळ लेप ब्रशाने किंवा रुळाने देऊन तो वाळवितात. नंतर पत्रा कॅलेंडर या यंत्राच्या एकमेकांवर घट्ट दाबलेल्या रुळांमधून जाऊ देतात. दाबामुळे पृष्ठभागाचे खाचखळगे मोडतात व इस्त्री केलेल्या कापडासारखी चकाकी येते. धुलाई-कारखान्यात प्रत्येक कॉलरीवर स्वतंत्रपणे करावे लागणारे खळ व इस्त्री यांचे काम येथे शेकडो मीटर लांबीच्या पट्ट्यावर एकाच वेळी होते.

(३) कापडाचा पोत उठविणे : गुळगुळीत कागद दुरून पांढरा दिसला, तरी जवळून तो कागदच आहे हे लपत नाही. यासाठी विणीचा पोत कोरलेल्या रुळाखालून किंवा पत्र्याखालून कागद दाबून काढतात. त्यामुळे ताणा व बाणा यांच्या बारीक उभ्याआडव्या रेषा पृष्ठभागावर उमटतात व कागद लिननसारखा दिसतो.

(४) आकार कापणे : कॉलरीचा आकार पोलादी पट्टी वाकवून केलेल्या धारदार साच्याने (डायने) कापतात. कागदाचे अनेक थर एकावर एक रचून त्यांवर साचा ठेवावयाचा व दाबयंत्राने तो खाली रेटावयाचा, अशी एक पद्धत आहे. ती लिफाफ्यांच्या उद्योगात आधीपासून रूढ होती. दुसऱ्या पद्धतीत अखंड पट्टा प्रत्येक ठोक्यागणिक एका कॉलरीच्या अंतराने पुढे सरकतो आणि वर-खाली होणारा साचा एकेक कॉलर कापतो. पहिल्या पद्धतीत एका ठोक्यात अनेक नग मिळतात, पण पुढचे टप्पे वेगळ्या यंत्रांवर करावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत कापणे, शिवणीचा ठसा व काजी हे सर्व टप्पे एकाच यंत्रात गुंफता येतात.

कॉलरीचा आकार धनुष्यासारखा असल्याने एकीची वरची वक्र कड दुसरीच्या खालच्या कडेशी जुळवून मांडल्यास कागदाची नासाडी कमी होते. निव्वळ कागदाचे उरलेले तुकडे पुन्हा लगद्यासाठी उपयोगी पडत. अस्तर लावलेले तुकडे मात्र सहजासहजी उपयोगी पडत नसत. मापे अर्ध्या इंचाच्या फरकाने असल्यामुळे प्रत्येक घाटासाठी अनेक साचे लागत. उदा., दहा घाट व प्रत्येकी आठ मापे ठेवावयाची झाल्यास ऐंशी साचे बाळगावे लागतील. घाटांची रूढी बदलली की साचे निकामी होत; त्यामुळे या उद्योगात यंत्रापेक्षा साच्यांचा खर्चच पुष्कळदा अधिक अडचणीचा ठरे.

(५) शिवणीचा ठसा : कापडाच्या कॉलरीची कड उसवू नये म्हणून शिवण घालावी लागते. कागदाला तिची मुळीच आवश्यकता नसते. परंतु शिवण नसलेली कॉलर ग्राहकाला खरी वाटत नसे. म्हणून कडेपासून काही मिमी. अंतरावर टाक्यांसारखी दिसणारी उठावाची ओळ दाबून काढीत. नर व मादी अशा दोन साच्यांमध्ये कागद दाबला की खालच्या साच्याच्या उंचवट्यामुळे प्रत्येक टाका वर येतो. दाब अधिक झाल्यास तंतू तुटून ओळीवर कॉलर फाटते आणि कमी झाल्यास टाके दिसत नाहीत. कोणतेही काम न करणाऱ्या या टाक्यांसाठी केलेला काटेकोर बंदोबस्त हा या यंत्रांचा सर्वांत लक्षणीय विशेष म्हणावा लागेल.

(६) काजी : मागच्या बाजूस एक व पुढच्या दोन टोकांस दोन अशी साधारणतः तीन काजी छिद्रकाने पाडीत. बटणाचा सर्व ताण काज्याच्या टोकावर येतो आणि तेथे तीक्ष्ण कोन असल्यास फाट तेथूनच सुरू होते. यासाठी काज्याचे टोक गोल ठेवीत व त्या जागी कापडाचा आधार देत. कापण्याचा साचा व छिद्रक एकाच चौकटीत बसविल्यास काज्यांचे कडेपासूनचे अंतर प्रत्येक नगात अचूक तेच राहते. हातशिलाईत अशी अचूकता मिळत नाही.

(७) दुमडणे : उलटलेल्या कॉलरीत मानेला लागणारी आतली पट्टी व बाहेर दिसणारी पट्टी असे दोन भाग असतात आणि त्यांमध्ये टाय किंवा रुमाल बसावा लागतो. समजा, दोन्ही पट्ट्यांमध्ये ३ मिमी. जागा ठेवावयाची आहे. वर्तुळाची त्रिज्या ३ मिमी.ने वाढली, तर परिघ २ × ३·१४ × ३ म्हणजे सु. १९ मिमी.ने वाढतो. म्हणजेच बाहेरची पट्टी आतल्या पट्टीहून सु. १९ मिमी. लांब हवी. कापड तिरपे ताणले जात असल्याने एवढा फरक ते सामावून घेते. कागद ताणला जात नाही. सरळ रेषेवर दुमडल्यास दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या राहतात व कॉलर गळ्याभोवती वळविताच आतल्या पट्टीला सुरकुत्या पडतात. ग्रे यांनी घडीची रेषाच वक्र केली. त्यामुळे उलटलेली पट्टी खाली जाताना पसरत जाते, टायसाठी जागा मिळते आणि आतली बाजू गुळगुळीत राहते. वक्र धारेच्या पट्टीवर कॉलर ठेवून वरून तसाच खाचेचा दाबक आणला म्हणजे ही घडी यंत्राने घालता येते.

(८) वळविणे व भरणे : शेवटी कॉलर गोल ठोकळ्याभोवती किंवा रुळांमधून वळवून तिला गळ्याचा आकार देत व ठराविक नग गोल वा लांबट पुठ्ठ्याच्या डब्यांत भरीत. डबे बनविणे व त्यांवर रंगीत चित्रे छापणे हा या उद्योगाचा एक जोडउद्योगच झाला होता.

ही यंत्रे वाफ एंजिनाच्या शक्तीवर, छताखालील फिरत्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालविली जात. कॅम व तरफा यांच्या साहाय्याने पट्टा थांबविणे, साचा खाली आणणे व तो उचलताच पट्टा पुढे नेणे यांचा क्रम राखला जाई. कागद लावणे, नग उचलणे, मोजणे व भरणे ही कामे हातांनी होत आणि त्यांसाठी मुख्यत्वे स्त्रिया व मुली नेमल्या जात. खाली येणाऱ्या साच्यापाशी हात न्यावा लागत असल्याने या कामात बोटांना इजा होण्याचा धोका असे.

एकस्वांचा वाद : बाजारपेठ वाढताच एकस्वांचे महत्त्व वाढले. अनेक एकस्वे एका हाती आणून इतर उत्पादकांकडून अधिशुल्क वसूल करण्याच्या उद्देशाने युनियन पेपर कॉलर कंपनी पुढे आली. इव्हान्स व ग्रे यांच्या एकस्वांच्या आधारे तिने व्हॅन ड्यूसेन या उत्पादकाविरुद्ध दावा लावला व तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १८७४ च्या सत्रात कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. लांब तंतूंचा कागद इव्हान्स यांनी शोधलेला नव्हता, कागदी कॉलरही आधीपासून ज्ञात होती आणि कापडाच्या कॉलरीत माहीत असलेला घाट कागदात आणणे म्हणजे शोध नव्हे, असे या निकालाचे सार आहे. एखादी वस्तू व्यापाराच्या दृष्टीने नवी असली, तरी एकस्वाच्या कायद्याने ती नवी ठरेलच असे नाही, हे तत्त्व या निकालात स्पष्ट झाले व पुढील खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला. या निकालानंतर वस्तूवर मक्तेदारी राखणे अशक्य झाले. यामुळे कारखानदारांचे यश यंत्रांचा वेग, साच्यांची अचूकता आणि विक्रीची व्यवस्था यांवर अवलंबून राहिले.

सामाजिक परिणाम : कागदी कॉलरीने वाचविलेले श्रम कोणाचे होते, हा प्रश्न ट्रॉयच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतो. तेथील धुलाई-कारखान्यांत स्त्रिया दिवसाचे बारा ते चौदा तास वाफ, उकळते पाणी व तापलेल्या इस्त्र्या यांच्या सान्निध्यात काम करीत. खळ देण्याची नवी यंत्रे आल्यावर भाजण्याचे प्रमाण वाढले. फेब्रुवारी १८६४ मध्ये केट म्युलानी या आयरिश वंशाच्या तरुण कामगार स्त्रीच्या नेतृत्वाखाली सु. ३०० धोबिणींनी संप केला व आठवड्याच्या आत सु. २० ते २५ टक्के वेतनवाढ मिळविली. त्यांच्या ‘कॉलर लाँड्री युनियन’ या संघटनेची गणना अमेरिकेतील स्त्रियांच्या पहिल्या टिकाऊ कामगार संघटनांत होते. १८६६ मध्ये लोखंड ओतणाऱ्या कामगारांच्या संपाला तिने १,००० डॉलरची मदत दिली, यावरून तिची ताकद लक्षात येते. १८६८ मध्ये म्युलानी यांची राष्ट्रीय कामगार संघटनेच्या (नॅशनल लेबर युनियनच्या) पदाधिकाऱ्यांत नेमणूक झाली.

१८६९ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. कॉलरींच्या कारखानदारांनी धुलाई-मालकांची बाजू घेतली व संघटना सोडणाऱ्यांना वाढीव वेतन देऊ केले. संपकरी स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा कॉलर-कारखाना काढण्याचा प्रयत्न केला. याच सुमारास कागदी कॉलरीमुळे धुण्याच्या कामाची मागणी घटू लागली होती. या सर्व कारणांमुळे संप फसला व १८७० च्या प्रारंभी संघटना विसर्जित झाली. कागदी कॉलर हे त्याचे एकमेव कारण नव्हते. तथापि ज्या कामाच्या जोरावर स्त्रियांनी मालकांशी वाटाघाटी केल्या, तेच काम अनावश्यक करणारी वस्तू बाजारात असल्यामुळे त्यांची बाजू दुबळी झाली, हे निश्चित. यंत्राने कष्टाचे काम कमी केले. पण ते काम करणाऱ्यांना त्याचा लाभ आपोआप मिळाला नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने हिशेब वेगळा होता. मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज व बॉस्टन येथील रिव्हर्सिबल कॉलर कंपनी ‘लिनीन’ या नावाने दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या कॉलरी विकीत असे. एक बाजू मळली की कॉलर उलटून दुसरी बाजू वापरता येई व नंतर ती टाकून देत. दहा कॉलरींचा किंवा कफांच्या पाच जोड्यांचा डबा पंचवीस सेंटला मिळे व नमुना सहा सेंटमध्ये टपालाने पाठविला जाई. रूबेन्स, रॅफेएल, अँजेलो, म्यूरील्यो, टासो, दान्ते अशी थोर चित्रकार व कवी यांची नावे तिच्या निरनिराळ्या घाटांना दिलेली होती. एका कॉलरीला अडीच सेंट पडत. रोज नवी कॉलर घेतल्यास वर्षाला सु. ९ डॉलर आणि दोन्ही बाजू वापरल्यास त्याच्या निम्मा खर्च येई. ज्याच्या घरी धुणारे कोणी नाही, अशा भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या कारकुनाला किंवा फिरत्या विक्रेत्याला ही सोय परवडत असे. उलट, ज्यांना धोब्याचा खर्च सहज झेपे, असे लोक कागदी कॉलरीकडे खोट्या प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून पाहत. स्वस्त वस्तूने सर्वांना एकसारखे दिसण्याची संधी दिली, पण ती ओळखू येताच वापरणाऱ्याला कमीपणाही आणला.

यूरोपातील प्रसार : यूरोपात या उद्योगाचा सर्वांत यशस्वी विकास जर्मनीत झाला. एर्न्स्ट माय यांनी १८६७ मध्ये पॅरिस येथे कागदी कॉलरींचा उद्योग सुरू केला. पुढे १८७० मध्ये बेर्नहार्ड एडलिख यांच्या भागीदारीत ‘माय अँड एडलिख’ या नावाने तो लाइपझिगजवळच्या प्लाग्विट्झ येथे स्थिरावला. प्लाग्विट्झ हे तेव्हा स्वतंत्र गाव होते. १८९१ मध्ये ते लाइपझिग शहरात समाविष्ट झाले. कापडाचा थर दिलेल्या कागदी कॉलरी ही या कंपनीची खासियत होती. टाकाऊ वस्तू सतत विकत घ्यावी लागते व ती हलकी असल्याने टपालाने पाठविणे सोपे असते, या दोन्ही गोष्टींचा लाभ घेऊन कंपनीने थेट ग्राहकाला माल धाडण्याची पद्धत अवलंबिली. १८८६ मध्ये तिने सचित्र मालसूची काढली आणि जर्मनीतील टपालविक्रीच्या आद्य कंपन्यांत तिची गणना होऊ लागली. यंत्राचा वेग विक्रीच्या व्यवस्थेलाही गती देतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ऱ्हास : कागदी कॉलरीचा मूळ दोष म्हणजे ओल. घाम किंवा पाऊस लागताच तंतूंमधील बंध सैल होतात, लेप सुटतो व कॉलर लोळागोळा होते. जॉन हायट व त्यांचे बंधू यांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केल्यानंतर काही वर्षांतच त्याच्या कॉलरी निघाल्या. ओल्या फडक्याने पुसली की ती पुन्हा वापरता येई. मात्र ती पेट घेणारी असे व गळ्याला कडक लागे. दुसरीकडे, धुलाईच्या कामातही यंत्रे आल्याने कापडी कॉलर धुणे स्वस्त झाले. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) सदऱ्यालाच जोडलेली मऊ कॉलर रूढ झाली व सर्वच सुट्या कॉलरींची मागणी ओसरली. कागदी कॉलर त्यानंतर काही धर्मगुरूंचा पोशाख, रंगभूमी व ऐतिहासिक वेशभूषा अशा मर्यादित क्षेत्रांपुरती उरली. केंब्रिज येथील रिव्हर्सिबल कॉलर कंपनीच्या इमारतीचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करण्यात आला आहे.

कॉलर मागे पडली, तरी तिच्यासाठी एकत्र आणलेल्या क्रिया मागे पडल्या नाहीत. अखंड पट्ट्याला दुसऱ्या पदार्थाचा थर देणे, त्यावर पोत उठविणे, साच्याने आकार कापणे, दुमडणे व ठराविक नग मोजून भरणे हाच क्रम कागदी पेले, ताटल्या, हातरुमाल व शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाची टाकाऊ वस्त्रप्रावरणे यांच्या निर्मितीत थोड्याफार फरकाने आढळतो. टाकून दिलेल्या वस्तूंची विल्हेवाट हा प्रश्न कागदी कॉलरीच्या काळात कोणाच्या विचारात नव्हता. तिच्या वारसदार वस्तूंच्या बाबतीत मात्र तोच सर्वांत मोठा प्रश्न झाला आहे.